सुपातली पोर

मला लहान मुलं फारशी आवडत नाहीत. बालरोग विभागातल्या पहिल्याच सकाळी मी हे सगळ्या बॅचसमोर बोलून बसले आणि नेमक्या पाठीमागे आमच्या युनिटच्या प्रमुख, रचना मॅडम, उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मिस्बाह, त्यांनाही तू आवडणार नाहीस. फिट्टंफाट. आता कामाला लाग."

काम म्हणजे विचारपूस. डॉक्टर होणाऱ्या माणसाला आधी तेवढंच येतं. मोठ्या माणसांच्या वॉर्डात ते सोपं असतं; कुठं दुखतं विचारलं की माणूस गेल्या वर्षीच्या दाढेपासून सुरुवात करतो. पोरांच्या वॉर्डात मात्र दुखतं एकाला आणि सांगतो दुसरा. तो दुसरा म्हणजे बहुतेक वेळा आई. मॅडमचं म्हणणं असं, की आईला नीट विचारलं तर निम्मं निदान तिथंच होतं, बाकीचं निम्मं रक्त तपासून होतं आणि तरीही काही उरलंच तर ते आमच्यासारख्या हुशार विद्यार्थ्यांमुळे बिघडलेलं असतं.

मी तळा गावची, याच जिल्ह्यातली. अब्बा कुवेतला, घरी अम्मी आणि धाकटे दोघं. घराण्यातली पहिली डॉक्टर होणार म्हणून अम्मीने सगळ्या मोहल्ल्यात आधीच जाहीर केलं होतं, आणि मीही पांढरा कोट घालून थोडी फुगलेच होते. आमचं सरकारी रुग्णालय किनाऱ्यालगतचं. रेवदंड्यापासून रेवसपर्यंतची माणसं तिथं येतात आणि त्यांचं बोलणं मला परकं नाही. त्यामुळे विचारपूस तरी मला इतरांपेक्षा बरी जमेल, असं मी धरून चालले होते.

ठमी खिडकीजवळच्या खाटेवर होती. वय आठ. डोळे हळदीसारखे पिवळे, हातापायांच्या काड्या आणि त्या काड्यांवर न शोभणारं पोट. रेवदंड्याहून आणलेली. खाटेशेजारच्या स्टुलावर एक किडकिडीत बाई बसली होती आणि ठमीच्या पायांवरून हात फिरवत होती.

"तुम्ही आई ना हिच्या?" मी विचारलं.

बाईचा हात थांबला. "न्हाय," ती म्हणाली. "माजी न्हाय ती. मी सत्यवती, शेजारीन. आय तिची नीराबाय. बाजार उठला का येल."

मग मी आईची वाट पाहिली. नीराबाई आल्या त्या दुपारी, माशांचा वास आणि मोठा आवाज बरोबर घेऊन. रेवदंड्याच्या बाजारात त्या मासळी विकतात. पन्नाशीला टेकलेल्या, दणकट, कडेवर दोनेक वर्षांची पोर. ठमीने त्यांना "आये" म्हणून हाक मारली, त्यांनी ठमीच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इचार बाय, काय इचारायचा तो."

मी सगळं विचारलं. पुस्तकात असतं तसं, एकही प्रश्न न गाळता. पोरं किती? पाच मोठी, मग ही ठमी, मग ही कडेवरची धोंडी. कुणाला कावीळ, कुणाचं काही? "कोनाला काय न्हाय. सगली ठणठणीत." कुणी दगावलेलं? "माजा एक पन पोर गेला न्हाय. देवाची मेहेरबानी." हे सांगताना दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली. शेजारीण खाली फरशीकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशीच्या राउंडला मी हे सगळं घडाघडा सांगितलं. त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या एक-दोन गावांत पाण्यामुळे काविळीची साथ होतीच. वॉर्डातली आणखी काही मुलं त्याच कारणाने आलेली आणि ती बरी होऊन घरी जात होती. मॅडम म्हणाल्या, "बरं विचारलंस." मी दिवसभर हवेत होते.

ठमीशी माझी गट्टी जमली, याचं मलाच नवल वाटलं. तिला कुणाचंच भय नव्हतं. माझ्या ओढणीवरची वेलबुट्टी बोटाने गिरवत ती म्हणायची, "डाक्तरीन, तुला साडी न्हाय काय?" मी तिला नावावरून चिडवायची. आजकाल कोण ठेवतं मुलीचं नाव ठमी? आणि धाकटीचं तर धोंडी. नीराबाईंच्या मोठ्या पोरी रोशनी आणि प्रियांका, आणि या दोघींच्या वेळी काय नावांचा दुष्काळ पडला होता का? ठमी गंभीर तोंडाने म्हणाली, "मी मोठी झाली का बदलनार हाय. तू एक चांगला नाव शोधून ठेव." मी शोधते म्हणाले.

सत्यवती मात्र बोलायची नाही. ती सकाळी असायची, दुपारी असायची, संध्याकाळी असायची. नीराबाई येऊन जायच्या. ही हलायची नाही. ठमीचं सगळं ती करायची आणि ठमी तिला मावशी म्हणायची. मला वाटायचं, किती चांगली शेजारीण. अम्मीला फोनवर तसं सांगितलंही.

पण साधी कावीळ उतरते, तशी ठमीची उतरेना. डोळे आणखी पिवळे झाले. रक्त कमी होत गेलं आणि सुई टोचली की ती जागा वाहत राहायची. ठमी दिवसा झोपायला लागली आणि रात्रभर टक्क जागी, असं नर्सने सांगितलं. हे ऐकून सत्यवती उठली आणि वॉर्डाबाहेर गेली. थोड्या वेळाने परत येऊन ती नुसती उभी राहिली.

मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचले. मग मला म्हणाल्या, "हे साथीच्या काविळीत बसत नाही. घरातच काहीतरी असलं पाहिजे. आईला पुन्हा विचार." मी पुन्हा विचारलं. नीराबाईंनी पुन्हा तेच सांगितलं आणि वर मला झापलं, "एकदा बोलले ना बाय? कितींदा सांगू?" मीही चिडले. माझा स्वभावच तसा. समोरचा चिडला की मी मागे राहत नाही.

त्या दुपारी नीराबाई गेल्यावर आणि सत्यवती कपडे धुवायला गेली असताना मी ठमीचं पोट तपासत होते. हाताखाली यकृत शोधता शोधता, तिने झोपू नये म्हणून काहीबाही बोलत होते. "तुझी आई मला ओरडली आज," मी म्हटलं.

ठमीने जड झालेले डोळे उघडले. "ती नीराबाय," ती म्हणाली. "आय न्हाय."

"आय नाही? मग आय कोण?"

"मावशी. पन तसा बोलायचा नसतो."

माझा हात तिच्या पोटावर तसाच राहिला. "का नसतं बोलायचं?"

"बोलला का मी मरनार," ठमीने समजावून सांगितलं. तिच्या आवाजात भीती नव्हती. पाण्यात गेलं की भिजायला होतं, इतक्या सहज ती ते सांगत होती. "माजे दोन दादा मेले ना आधी. पिवले झाले न् मेले. मग मी झाली तवा मना सुपात घातली. नीराबायनं सूपभर तांदूल देला न् मना इकत घेतली. आता मी नीराबायची. धोंडीला पन घेतली. म्हंजे सटवायला कलत न्हाय आम्ही कोनाच्या त्या."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कोनी न्हाय," ती म्हणाली. "मना कलतं." आणि पुन्हा झोपली.

मी तिथंच उभी राहिले. माझी ती पाठ केलेली प्रश्नावली, ती शाबासकी, सगळं माझ्या पायाशी गळून पडलं. कुणीच मला खोटं सांगितलं नव्हतं. नीराबाईंचं एकही पोर गेलं नव्हतं हे खरं होतं, आणि ठमी सत्यवतीची नव्हती हेही त्यांच्या हिशेबाने खरंच होतं. आम्ही आईला विचारलं होतं. फक्त जिच्या रक्ताची ती पोर होती, तिला विचारलं नव्हतं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. "दोन भाऊ. पिवळे होऊन गेले." त्या स्वतःशीच बोलल्या आणि ठमीला डोळ्यांच्या विभागात घेऊन गेल्या. तिथल्या यंत्रातून त्यांनी मला बघायला लावलं. ठमीच्या काळ्या बुबुळाच्या कडेने तपकिरी-हिरवट रंगाचं एक कडं होतं. नुसत्या डोळ्यांनी ते मला कधी दिसलं नसतं. यंत्रात ते सुंदर दिसत होतं, आणि मला ते सुंदर दिसलं याचा मला राग आला.

आजार असा, की अन्नातून येणारं तांबं शरीराबाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साठत जातं. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच पोराला होतो. वेळेत कळला तर रोज गोळ्या घेऊन माणूस म्हातारा होतो. ठमीला वेळेत कळला नव्हता. यकृत जवळजवळ संपलं होतं आणि आता एकच वाट उरली होती: मुंबईला नेऊन दुसऱ्या कुणाच्या यकृताचा तुकडा बसवायचा.

"तुकडा देणारं माणूस रक्ताचं लागतं," मॅडम म्हणाल्या. "बाप कुठाय?"

बाप ट्रॉलरवर होता, आत समुद्रात. फोन लागत नव्हता.

"मग आई. आणि तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे, की मी आई. उद्या मुंबईत पन्नास माणसं विचारतील. शेजारीण म्हणून कुणी तिला दारातही उभं करणार नाही. तू बोल तिच्याशी. तुझी ओळख आहे."

वॉर्डाच्या मागच्या व्हरांड्यात नातेवाईक कपडे वाळत घालतात. सत्यवती ठमीचा फ्रॉक पिळत होती. मी म्हटलं, "ताई, ठमी तुमची मुलगी आहे ना?"

तिने फ्रॉक पिळायचा थांबवला नाही. "कोन बोलला?"

"ठमीच बोलली."

फ्रॉक तिच्या हातातून खाली पडला. ती माझ्याकडे बघत राहिली. "तिला ठावं हाय?"

"तिला सगळं माहीत आहे."

"म्हंजे..." ती खाली बसली. भिंतीला पाठ लावून, ओल्या फरशीवरच. "म्हंजे ती मना आय समजते?" आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद आला, की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. तो आनंद टिकला नाही. लगेच मागून भीती आली. "ती बोलली काय तसा? मोठ्यानं बोलली? कोनी ऐकला?"

मी तिला सगळं सांगितलं. तांबं, यकृत, मुंबई, तुकडा. तिला तिच्या बोलीत कळेल असं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "माजा काप काय कापायचा तो. आख्खा घे. पन माज्या तोंडून ती माजी हाय असा येनार न्हाय."

"ताई, त्याशिवाय कुणी कापणारच नाही."

"दोगांना माजे माजे बोलले. दोगं गेले. थोरल्याला मी रोज बोलायची, माजा सोन्या. धाकट्याला बोलायची. नीराबायचा एक पन जात न्हाय. म्हनून तिला दिल्या. इतकी वर्सं मी जीभ दाताखाली धरून काढली, बाय. एकदा पन बोलले न्हाय. म्हनून ती आठ वर्सांची झाली."

मला राग आला. तिच्यावर नाही, कुणावर ते मला कळेना, म्हणून तिच्यावरच काढला. "हे सगळं खोटं आहे," मी म्हणाले. "शब्दाने कुणी मरत नाही." बोलता बोलता मला आमची अम्मी आठवली. आमच्या घरात कुणी पोराला नुसतं गोंडस म्हटलं, तर अम्मी त्याला दारातून परत बोलावून दृष्ट लागू नये म्हणून माशाअल्लाह म्हणायला लावते. माझ्या स्वतःच्या दंडावर बारावीपर्यंत ताईत होता आणि परीक्षेला जाताना मी तो चाचपून बघायची. मी कुणाला शिकवत होते?

सत्यवतीने माझा हात धरला. "तू सांग. मी बोलले तरी तिला काय व्हनार न्हाय, असा सांग. तू सांगितलास तर बोलते."

मला ते सांगता आलं असतं. किती सोपं होतं. पण अशी किती मुलं वाचतात ते आकडे मला माहीत होते आणि खोटं बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, "ते मी सांगू शकत नाही, ताई. पण तुम्ही बोलला नाहीत तर काहीच करता येणार नाही, एवढं नक्की."

तिने माझा हात सोडला, फ्रॉक उचलून झटकला आणि दोरीवर घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी नीराबाईंना बोलावून घेतलं होतं. राउंडला आम्ही सगळे खाटेभोवती. मॅडमनी शांतपणे सांगितलं, की आज जावं लागेल, आणि तुकडा द्यायला आई लागेल.

नीराबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. पदर खोचून म्हणाल्या, "घ्या माजा. आय मी हाय." मग मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा, जरा कमी आवाजात, "खरंच घ्या. मी दनकट हाय." त्या बाईने सूपभर तांदूळ देऊन घेतलेला शब्द होता आणि तो त्या पोटात सुरी घालून घेऊन पाळायला निघाल्या होत्या.

"नीराबाय, तू गप," स्टुलावरून आवाज आला. सत्यवती उठून उभी राहिली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. "माजी हाय ती. मी आय हाय तिची. ठमी माजी हाय."

मॅडमनी तिला खुर्ची दिली आणि तिच्या दोन्ही मुलग्यांबद्दल विचारलं. तिने सांगितलं: पोट कसं फुगलं, हिरड्यांतून रक्त कसं आलं, दिवसा झोप आणि रात्री जाग कशी आली, आणि मग कसे उठलेच नाहीत. दुसऱ्या गावात राहायची तेव्हाची गोष्ट. कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं होतं, दवाखान्यातही नेलं होतं. ती न अडखळता सांगत होती. एकदा तोंड उघडल्यावर आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

ठमी जागी झाली होती. तिने मान वळवून सत्यवतीकडे बघितलं. "बोललीस?"

"व्हय," सत्यवती म्हणाली.

"मंग मी आता तुला आये बोलू?"

"बोल."

मग तो सगळा दिवस ती बोलत होती. आये, पानी दे. आये, पाय चेप. आये, खिडकी लाव. आये, उगीच. मधेच झोप लागायची, जाग आली की पुन्हा आये. सत्यवती प्रत्येक हाकेला ओ देत होती. तिचं रक्त तपासलं, गट जुळला. मी कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर धावत होते आणि इतकी खूश होते की मला त्याची लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, आपण जिंकलो. मुंबईच्या रुग्णालयाने सांगितलं, उद्या जागा होते, सकाळी निघा.

सकाळी रुग्णवाहिका दारात आली तेव्हा ठमीला रक्ताची उलटी झाली. मग दुसरी झाली. मॅडम पळत आल्या, सगळे आले. मला कुणीतरी ठमीचे पाय धरायला सांगितलं आणि मी ते धरून उभी राहिले. काय काय केलं ते मी नंतर पुस्तकात वाचलं आहे. सगळं बरोबर केलं होतं. दुपारच्या आत ठमी गेली. मी तिच्यासाठी नाव शोधलं नव्हतं. कुणी गेलं की आमच्यात म्हणतात ते इन्ना लिल्लाही माझ्या तोंडून निघालं, ते माझं मलाच ऐकू आलं.

सत्यवती रडली नाही. तिने ठमीचं तोंड पुसलं, केस मागे घेतले. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत दोष नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं.

"बोलले म्हनून गेली," ती म्हणाली.

मी पुन्हा सगळं सांगितलं. तांबं कधीपासून साठत होतं ते सांगितलं. ती बोलली असती किंवा नसती तरी हेच झालं असतं, हे सांगितलं. मी रडत होते आणि सांगत होते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तुजा खरा असल, बाय," ती म्हणाली. "शिकलेली हायस. पन बोलले ना मी."



मॅडमनी मला बाजूला घेतलं. त्यांचेही डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा. "ती धाकटी. धोंडी. तिलाही हा आजार असण्याचा धोका आहे. आत्ता रक्त घेतलं, औषध सुरू केलं तर तिला काही होणार नाही. आणि ही माणसं आज गेली की परत या दारात यायची नाहीत. बोल आईशी."

रुग्णालयाच्या दाराशी रेवदंड्याची माणसं जमली होती. गाडी यायची होती. ऊन कडक होतं. सत्यवती पायरीशी उभी होती आणि थोड्या अंतरावर नीराबाई, कडेवर धोंडीला घेऊन. मी सत्यवतीजवळ गेले. "ताई," मी म्हटलं, "धोंडीचं रक्त तपासायला हवं. तिला वाचवता येतं. नक्की वाचवता येतं." आदल्या वेळी जे म्हणता आलं नव्हतं, ते या वेळी मला खरंखुरं म्हणता येत होतं.

ती रस्त्याकडे बघत होती. "कोन धोंडी?"

"ताई."

"मना पोर न्हाय," सत्यवती म्हणाली. "मना दोन झाले ते गेले. एक व्हती ती आज गेली. आता मना कोन न्हाय."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे सगळी कारणं होती, आणि परवाच्यापेक्षा चांगली होती. चिडायलाही मला वेळ लागला नसता. पण तिने धोंडीकडे एकदाही मान वळवली नव्हती, आणि मला कळलं, की ही बाई खोटं बोलत नाहीये. तिच्याकडे पोर वाचवायचा एकच उपाय आहे आणि आत्ता, ठमीला आत ठेवून, ती तो करते आहे.

मी तोंड मिटलं आणि नीराबाईंकडे गेले.

"नीराबाई," मी म्हटलं, सत्यवतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "तुमच्या धोंडीचं रक्त तपासायचं आहे. तुमच्या पोरीचं. तिला गोळ्या लागतील, त्या तुम्हाला न्याव्या लागतील. तिला आणाल का?"

नीराबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग सत्यवतीकडे, मग परत माझ्याकडे. त्यांचे डोळे भरून आले, पण आवाज बाजारातलाच निघाला. "माज्या धोंडीला? आनीन की. आत्ता चल, कवा बोलवशील तवा आनीन. माजी पोर हाय, मी आननार न्हाय तं कोन आननार?"

धोंडीला एवढ्या माणसांत सत्यवती दिसली होती. ती नीराबाईंच्या कडेवरून तिच्याकडे झेपावली, दोन्ही हात पसरून. सत्यवतीने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि तोंड फिरवलं.

"तुज्या पोरीला आत ने, नीराबाय," ती म्हणाली. "ऊन लागल तिला."